रोमन चांदीचे नाणे कसे वाचावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

रोमन चांदीचे नाणे पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. ते आपल्या आजच्या रुपयाहूनही लहान असते, त्याची कडा वेडीवाकडी असते, चित्र एका बाजूला सरकलेले असते आणि अक्षरे अर्धी कडेबाहेर गेलेली असतात. एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा हातात काहीतरी धरून उभी असलेली एक स्त्री, यापलीकडे नवख्या डोळ्याला फारसे काही दिसत नाही. त्या स्त्रीच्या हातात नेमके काय आहे, असा प्रश्न ज्या क्षणी पडतो, त्या क्षणी वाचनाला सुरुवात होते.

नवशिके बहुधा चिन्हांच्या याद्या शोधतात: गरुड म्हणजे अमुक, सुकाणू म्हणजे तमुक. अशा याद्या उपयोगी असतात, पण त्यांच्या भरवशावर नाणे वाचता येत नाही. रोमन नाण्यावरचे चिन्ह हे ते पाडून घेणाऱ्याचे म्हणणे असते. ते कोणी, कोणत्या साली आणि कोणत्या अडचणीत असताना म्हटले, हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात, आणि चित्राकडे वळण्याची घाई करू नये.

पहिली पायरी: आधी तोलावे

सोनार वापरतात तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. भिंग दहापट मोठे दाखवणारे असावे आणि व्यास मोजण्यासाठी एक साधी मोजपट्टी जवळ ठेवावी. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

रोमचे मुख्य चांदीचे नाणे म्हणजे डिनॅरियस. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, इ.स.पू. २११च्या सुमारास, हे नाणे सुरू झाले. त्याची किंमत ‘ॲस’ नावाच्या दहा काशाच्या नाण्यांइतकी होती. लॅटिनमध्ये ‘देनी’ म्हणजे दहा-दहा, त्यावरून हे नाव पडले, आणि सुरुवातीच्या नाण्यांवर चेहऱ्यामागे दहाचा आकडा, म्हणजे फुलीसारखे एक्स, कोरलेले असते. इ.स.पू. १४१च्या सुमारास एका डिनॅरियसची किंमत सोळा ॲस ठरली, तरी नाव दहाचेच राहिले.

आरंभी एका रोमन पौंडातून ७२ नाणी पाडत, म्हणजे प्रत्येक सुमारे साडेचार ग्रॅमचे. लवकरच हे प्रमाण ८४ झाले आणि वजन ३.९ ग्रॅमच्या आसपास स्थिरावले. इ.स. ६४मध्ये सम्राट नीरोने एका पौंडातून ९६ नाणी पाडायला लावली आणि चांदीचा कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. त्याचा मुलगा कॅराकॅला याने इ.स. २१५मध्ये एक नवे, मोठे नाणे काढले, ज्याला आज अँटोनिनियॅनस म्हणतात. ते बहुधा दोन डिनॅरियसच्या किमतीचे मानले जाई, पण त्यात चांदी सुमारे दीड डिनॅरियसइतकीच होती. पुढच्या पन्नासएक वर्षांत या नाण्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली आणि ते वरून पांढरे केलेले तांबे उरले. इ.स. २९४च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने पुन्हा शुद्ध चांदीचे नाणे काढले, तेव्हा त्यातल्या काहींवर रोमन अंकांत नुसते ‘९६’ लिहिले: एका पौंडात ९६ नाणी. ज्या राज्यात चांदीवरचा विश्वास उडालेला असतो, तिथे देवतेच्या चित्रापेक्षा असा आकडाच अधिक बोलतो.

एवढे लक्षात ठेवले, तर नुसत्या वजनावरून आणि रंगावरून नाणे साधारण कोणत्या शतकातले, याचा पहिला अंदाज बांधता येतो. पावणेचार ग्रॅमचे, स्वच्छ पांढऱ्या धातूचे नाणे नीरोच्या सुधारणेनंतरचे असण्याचा संभव कमी असतो.

दुसरी पायरी: ते पाडले कसे, हे डोळ्यांसमोर आणावे

यासाठी एक नाणेच मदतीला येते. इ.स.पू. ४६मध्ये टायटस कॅरिसियस हा टांकसाळीचा अधिकारी होता. त्याच्या डिनॅरियसवर दर्शनी बाजूस जूनो मोनेटा ही देवी आहे. रोमची टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर तिच्या देवळाला लागून होती, आणि इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द तिच्याच नावावरून आलेला आहे. मागच्या बाजूला माणूस नाही, देव नाही; आहेत ती टांकसाळीची अवजारे: मध्ये ऐरणीचा ठसा आणि त्यावर वरचा ठसा, एका बाजूला सांडशी, दुसऱ्या बाजूला हातोडा. भोवती लॉरेलच्या पानांची माळ आहे. कोणत्याही सोनाराला ही सांडशी ओळखता येईल.

खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवत, वर दुसरा ठसा धरत आणि हातोडा मारत. चेहरा बहुधा खालच्या ठशात कोरलेला असे. वरच्या ठशाला हातोड्याचा मार थेट बसे, म्हणून तो लवकर झिजे. चित्र एका बाजूला सरकणे, कडेला चीर जाणे, दोन बाजूंच्या चित्रांची दिशा न जुळणे या सगळ्या गोष्टी हाताने ठोकलेल्या नाण्यात स्वाभाविक आहेत. नवशिका नेमका इथे फसतो: अगदी गोल, काठोकाठ सारखे आणि कडेभोवती बारीक सांधा दिसणारे नाणे त्याला ‘चांगले’ वाटते, पण असे नाणे बहुधा साच्यात ओतलेली नक्कल असते.

आपण ‘छापा की काटा’ म्हणतो, त्याला रोमन मुले ‘डोके की जहाज’ म्हणत. कारण त्यांच्या जुन्या काशाच्या नाण्यावर एका बाजूला जेनस देवाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ असे.

तिसरी पायरी: चित्राआधी अक्षरे

अक्षरे चित्राभोवती गोल फिरतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि आजच्या ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेले असते. त्यामुळे ऑगस्टस या सम्राटांच्या पदवीचे संक्षिप्त रूप ए-व्ही-जी असे दिसते. सुरुवातीला कागदावर एक वर्तुळ काढून, दिसतील तेवढीच अक्षरे घड्याळाच्या दिशेने उतरवून घ्यावीत आणि न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबे द्यावीत. अंदाजाने अक्षर भरण्याचा मोह आवरावा. एका चुकीच्या अक्षराने आजोबाचे नाणे नातवाच्या नावावर जाते, कारण रोमन सम्राटांना पूर्वजांची नावे घेण्याची भारी हौस होती.

चार-पाच संक्षेप ओळखले की निम्मे काम होते. आय-एम-पी म्हणजे इम्पेरातोर, मूळचा विजयी सेनापती आणि पुढे सम्राट. पी-एम म्हणजे पोंटिफेक्स मॅक्सिमस, सर्वोच्च धर्माधिकारी. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोमचा वर्षभरासाठी नेमलेला सर्वोच्च अधिकारी. पी-पी म्हणजे पितृभूमीचा पिता. आणि टी-आर-पी ही अक्षरे वाचून मराठी वाचकाला दूरचित्रवाणीच्या मालिका आठवतील, पण इथे त्यांचा अर्थ लोकाधिकाऱ्याची म्हणजे ट्रिब्यूनची सत्ता असा आहे. ही सत्ता सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळे आणि तिच्यापुढे आकडा लिहीत, त्यामुळे नाण्याचे साल ठरवण्याची ती सर्वांत खात्रीची खूण ठरते. कॉन्सलपदाचा आकडाही असाच उपयोगी पडतो. सम्राट वेस्पेशियनच्या नाण्यावर सी-ओ-एस आणि पुढे आठाचा आकडा असेल, तर ते इ.स. ७७ किंवा ७८मधले आहे, कारण त्याचे आठवे कॉन्सलपद ७७मधले आणि नववे ७९मधले.

नावाआधी ‘दिवुस’ असेल तर तो सम्राट मरण पावून देवपदाला पोचलेला आहे. हा शब्द आणि आपला ‘देव’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.

चौथी पायरी: डोक्यावर काय आहे

लॉरेलच्या पानांचा मुकुट सम्राटाच्या डोक्यावर सर्रास दिसतो. मागे गाठ मारलेल्या फिती मानेवर लोंबत असतात आणि भिंगाखाली त्या दोन रेघांसारख्या दिसतात. सूर्याच्या किरणांसारखा टोकेरी मुकुट दिसला, तर तिसऱ्या शतकातल्या चांदीच्या नाण्यावर तो दुप्पट किमतीची खूण असतो, म्हणजे ते नाणे अँटोनिनियॅनस आहे. सम्राज्ञीच्या बाबतीत त्याच किमतीची खूण म्हणून तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर कोरत: पुरुषाला सूर्य, स्त्रीला चंद्र. डोक्यावरून वस्त्र घेतलेले असेल, तर ती व्यक्ती धर्मकृत्य करते आहे किंवा मृत्यूनंतर देवपदाला गेलेली आहे.

इ.स.पू. ४४पर्यंत रोमच्या टांकसाळीने जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर छापलेला नव्हता. देवता, पुराणपुरुष, फार तर मेलेले पूर्वज छापले जात. त्या वर्षाच्या सुरुवातीला ज्यूलियस सीझरचा चेहरा ‘आजीव हुकूमशहा’ या अर्थाच्या शब्दांसह डिनॅरियसवर आला. मार्चमध्ये त्याचा खून झाला. चेहरा छापला म्हणून खून झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण त्याच्या विरोधकांच्या डोळ्यांत सलणाऱ्या गोष्टींत हे नाणे नक्की होते.

पाचवी पायरी: हातातली वस्तू

आता मागची बाजू. तिथल्या स्त्रिया बहुतेक वेळा खऱ्या स्त्रिया नसतात. त्या गुणांच्या किंवा कल्पनांच्या मूर्ती असतात, आणि त्यांचे चेहरे सारखेच असतात. ओळख हातावरून पटते. फोर्टुना, म्हणजे भाग्य, हिच्या एका हातात जहाजाचे सुकाणू आणि दुसऱ्या हातात फळाधान्याने भरलेले शिंग असते. सुकाणू कधी पृथ्वीच्या गोलावर टेकवलेले असते. पॅक्स, म्हणजे शांती, ऑलिव्हची फांदी धरते. सॅलस, म्हणजे स्वास्थ्य, सापाला पात्रातून खाऊ घालते. स्पेस, म्हणजे आशा, एका हाताने फूल धरते आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ किंचित उचलून पुढे पाऊल टाकते. पुडिसिटिया, म्हणजे शालीनता, डोक्यावरचे वस्त्र सावरत असते, आणि पदर सावरणारी स्त्री पाहिलेल्या मराठी माणसाला तिच्या हाताची ती हालचाल समजावून सांगावी लागत नाही. लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्य, हिच्या हातात एक टोपी असते: गुलामाला मुक्त केल्यावर तो घाली ती.

ॲनोना ही रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता आहे. तिच्या पायाशी आपल्या पायलीसारखे धान्याचे माप, त्यातून वर आलेल्या ओंब्या आणि कधी मागे जहाजाची नाळ असते, कारण रोमचे पोट इजिप्त आणि आफ्रिकेतून येणाऱ्या गव्हावर भरत असे. लिबरॅलिटास ही दानाची देवता मोजणीची पाटी धरते, आणि तिच्यापुढचा आकडा सम्राटाने लोकांना कितव्यांदा पैसे वाटले ते सांगतो.

इथे एक अडचण येते. तराजू आणि भरलेले शिंग हातात घेतलेली स्त्री एक्विटास म्हणजे न्याय्य व्यवहारही असू शकते आणि मोनेटा म्हणजे टांकसाळीची देवीही. चित्र तेच, मुद्रा तीच. फरक फक्त भोवतीच्या अक्षरांत असतो. तिसरी पायरी आधी का ठेवली, ते इथे कळते.

दुसरी अडचण खास आपली आहे. मोर दिसला की आपल्याला सरस्वती किंवा कार्तिकेय आठवतो, साप दिसला की नागपंचमी. रोमन नाण्यावर मोर हा जूनोचा पक्षी आहे आणि दिवंगत सम्राज्ञीला तो स्वर्गात नेतो, तर सम्राटासाठी ते काम गरुड करतो. आपला अर्थ तिथे चिकटवू नये. मात्र एक चिन्ह खरोखरच सामाईक आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काही नाण्यांवर पुढून बोकड आणि मागून मासा असलेला प्राणी दिसतो. ती मकर रास आहे. आपल्या जन्मराशीवर तो इतका खूश होता की त्याने ती नाण्यावर घातली, असे चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. ऑगस्टसचा जन्म २३ सप्टेंबरचा, म्हणजे सूर्य मकरेत असणे शक्य नाही, आणि त्यामुळे अभ्यासक आजही त्याची पत्रिका मांडत बसलेले आहेत.

प्रांतांच्या मूर्ती ओळखायला सोप्या असतात. सम्राट हेड्रियन आयुष्यभर साम्राज्यात फिरला आणि त्या प्रवासांची आठवण म्हणून त्याने एक मालिकाच काढली. इजिप्तच्या हातात सिस्ट्रम नावाचे खुळखुळ्यासारखे वाद्य आणि समोर आयबिस पक्षी आहे. आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या मस्तकाचे कातडे आणि हातात विंचू आहे. हिस्पानिया, म्हणजे स्पेन, हिच्याजवळ एक ससा आहे. नाणेसंग्राहकांना हा ससा फार आवडतो.

सहावी पायरी: साल समोर ठेवून पुन्हा पाहावे

रोम प्रजासत्ताक असताना नाणी पाडण्याचे काम दरवर्षी बहुधा तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. राजकारणाची ही पहिली पायरी होती आणि त्यांनी नाण्यांचा उपयोग घराण्याची जाहिरात करण्यासाठी मोकळेपणाने केला. आडनावावरच्या कोट्या त्यात खूप आहेत. मूसा आडनावाच्या पॉम्पोनियसने म्यूझ या कलांच्या नऊ देवतांची मालिका काढली. थोरियसने मुसंडी मारणारा बैल घातला, कारण बैलाला लॅटिनमध्ये ‘तौरुस’ म्हणतात. ल्युक्रेशियस ट्रिओने सात तारे घातले, कारण सप्तर्षींना रोमन लोक ‘सेप्तेम त्रिओनेस’ म्हणत. इ.स.पू. १३७च्या एका डिनॅरियसवर रोमच्या स्थापनेच्या दंतकथेतल्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण आहे आणि शेजारी काठीला टेकून, त्यांना वाढवणारा मेंढपाळ फॉस्ट्युलस उभा आहे. हे नाणे पाडणाऱ्याचे आडनाव बहुधा फॉस्ट्लस होते, आणि आपण त्याच मेंढपाळाचे वंशज आहोत, असे त्याला सुचवायचे असावे. लांडगीण म्हणजे रोम, एवढ्यावर थांबणाऱ्याचे या नाण्यातले निम्मे गमक हुकते.

सीझरने इ.स.पू. ४९-४८मध्ये, यादवी युद्धात सैन्याचे पगार भागवण्यासाठी, प्रचंड संख्येने एक डिनॅरियस पाडले. एका बाजूला हत्ती सापासारख्या काहीतरी वस्तूवर पाय देतो आहे आणि खाली फक्त ‘सीझर’ असे नाव आहे. ती वस्तू साप की सीझरने जिंकलेल्या गॉल (आजच्या फ्रान्समधल्या) लोकांचे रणशिंग, यावर वाद आहे. दुसऱ्या बाजूला एकही शब्द नाही. आहेत ती पुजाऱ्याची उपकरणे: पळी, पाणी शिंपडण्याचा कुंचा, बळीची कुऱ्हाड आणि पुजाऱ्याची टोपी. पळी आणि कुंचा ही देवघरातली वाटावीत अशी साधने नाण्यावर कशाला, असे वाटेल. सीझर इ.स.पू. ६३पासून सर्वोच्च धर्माधिकारी होता, आणि त्या क्षणी रोमच्या कायद्याने तो बंडखोर ठरलेला होता. त्याच्याजवळ जे निर्विवाद कायदेशीर पद उरले होते, ते त्याने सैनिकाच्या हातात ठेवले.

सीझरच्या खुन्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसची गोष्ट तर दोन नाण्यांतच सांगता येते. इ.स.पू. ५४मध्ये तो टांकसाळीचा अधिकारी असताना त्याने एका डिनॅरियसवर लिबर्टास देवीचा चेहरा घातला, आणि मागे राजाला हाकलून पहिला कॉन्सल झालेला आपला पूर्वज दाखवला. इ.स.पू. ४३-४२मध्ये, सीझरच्या खुनानंतर सैन्य घेऊन फिरत असताना, त्याने दोन कट्यारी, मध्ये मुक्त गुलामाची टोपी आणि खाली ‘मार्चच्या ईद’चा, म्हणजे खुनाच्या १५ मार्च या तारखेचा, संक्षेप असे नाणे काढले. या नाण्याची नोंद प्राचीन इतिहासकार कॅसियस डिओनेही केली आहे. पण ते उलटून पाहावे: दर्शनी बाजूला स्वतः ब्रूटसचा चेहरा आहे. ज्या प्रथेला हुकूमशाहीची खूण म्हटले, तीच प्रथा मुक्तिदात्याने दोन-अडीच वर्षांत उचलली. हे विसंगत चित्र यादीतल्या ‘टोपी म्हणजे स्वातंत्र्य’ या ओळीत कधीच सापडणार नाही.

सम्राटांच्या काळातले माझे आवडते उदाहरण सम्राट नर्वाचे आहे. इ.स. ९६ ते ९८ अशी जेमतेम दीड वर्षे त्याने राज्य केले. त्याच्या डिनॅरियसवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आहेत आणि भोवती ‘सैन्यांची एकजूट’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. इ.स. ९७मध्ये त्याच्याच अंगरक्षक दलाने राजवाड्यात त्याला ओलीस धरले होते. म्हणून रोमन नाण्यावर ‘एकजूट’ वाचली की त्या वर्षी भांडण कोणाचे चालले होते, ते शोधावे. नाण्यावर बढाई असते तशी याचनाही असते.

सातवी पायरी: एक नाणे सबंध वाचावे

सरावासाठी सम्राट टायबेरियसचे (इ.स. १४ ते ३७) डिनॅरियस घ्यावे. त्याचा नमुना त्याच्या सबंध कारकिर्दीत जवळपास बदललाच नाही, त्यामुळे ते विपुल आहे. दर्शनी बाजूस लॉरेलचा मुकुट घातलेला चेहरा उजवीकडे पाहतो आहे आणि भोवतीच्या संक्षेपांचा अर्थ ‘टायबेरियस सीझर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ असा होतो. तो ऑगस्टसचा सख्खा मुलगा नव्हता, दत्तक होता. म्हणूनच ‘पुत्र’ हा शब्द इतका आवर्जून आला आहे. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री एका हातात उभा राजदंड आणि दुसऱ्या हातात फांदी धरते, आणि भोवती फक्त ‘सर्वोच्च धर्माधिकारी’ हे पद आहे. ही स्त्री म्हणजे शांतिदेवी, की त्या रूपातली त्याची आई लिव्हिया, हे नाणे स्वतः सांगत नाही. बायबलमध्ये येशूला कराविषयी विचारले जाते तेव्हा तो ज्या नाण्यावरचा चेहरा दाखवायला सांगतो, ते हेच, असे परंपरेने मानले जाते.

हेच नाणे आपल्याकडेही आले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात सोन्याचांदीची रोमन नाणी आहेत आणि स्थानिक चलनाशी अदलाबदल करताना त्यांवर नफा होतो, असे लिहिले आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, येथून गाड्यांनी माल भडोचला येतो असेही आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत. आजच्या तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या एका निधीत दीड हजारांहून अधिक डिनॅरियस निघाली. नीरोने कस उतरवल्यावर आपल्या व्यापाऱ्यांनी जुनी, भरीव चांदीची नाणीच पसंत केली, असे या निधींवरून दिसते, आणि सराफी व्यवहार माहीत असलेल्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही. तेरला रोमन नाण्यांच्या मातीत उठवलेल्या नकलाही मिळाल्या आहेत. काहींना भोक असते, म्हणजे त्या गळ्यात घालत असावेत. परक्या सम्राटाचा चेहरा इथे ताईत झाला होता. त्याच्या धर्माधिकाराशी घालणाऱ्याला काही देणेघेणे नव्हते. डिनॅरियस हे नाव मात्र संस्कृतात ‘दीनार’ होऊन गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्यासाठी रुळले.

खरेखोटे, साफसफाई आणि कायदा

प्राचीन काळीही खोटी नाणी होती. आत तांबे आणि वरून चांदीचा पातळ पत्रा अशा नाण्याचे वजन कमी भरते आणि झिजलेल्या जागी लालसर किंवा हिरवा डाग दिसतो. प्रजासत्ताकातल्या पुष्कळ डिनॅरियसवर चंद्रकोरीसारखे बारीक ठोके असतात. ते चांदी तपासणाऱ्यांनी मारलेले आहेत. आपल्या प्राचीन आहत नाण्यांवर सराफांच्या खुणा असतात, तशाच या आहेत, त्यामुळे त्यांना खराबी समजू नये.

जुन्या चांदीवर येणारा काळसर थर हा नाण्याचे संरक्षण करतो आणि अक्षरांच्या कडा उठून दिसायला मदत करतो. घरातली चांदीची भांडी चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्टने घासण्याची आपली सवय इथे घातक ठरते. सुरुवातीच्या उत्साहात मी एका सेव्हरसला टूथपेस्ट लावली होती. नाणे चकचकीत झाले आणि ‘पी-एम’मधला ‘एम’ कायमचा गेला. माती लागलेली असेल तर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवावे, मऊ कापडाने टिपावे आणि हात आवरावा.

भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला असे नाणे देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना खरेदी सोपी वाटते, पण तिथेही नाणे आधी कोणाच्या संग्रहात होते, याचे कागद मागावेत. ब्रूटसच्या त्याच कट्यारींचे सोन्यातले एक नाणे २०२०मध्ये सुमारे ४२ लाख डॉलरना विकले गेले, आणि मालकीचा इतिहास खोटा निघाल्यामुळे २०२३मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले.

विकत घेण्यापूर्वी पाहण्याची सवय लावावी, हे बरे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे, तेरला शासकीय वस्तुसंग्रहालय आहे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने रोमन प्रजासत्ताकाच्या आणि साम्राज्याच्या नाण्यांचे आंतरजालावर विनामूल्य शोधकोश ठेवले आहेत. वहीत उतरवलेली अक्षरे तिथे टाकली की जुळणारे नमुने छायाचित्रांसह समोर येतात.

वहीत प्रत्येक नाण्याला एक पान द्यावे: वर वजन आणि व्यास, मग दिसली तेवढीच अक्षरे, मग डोक्यावर काय आणि हातात काय, मग साल, आणि सर्वांत खाली त्या वर्षी रोममध्ये काय चालले होते त्याची एक ओळ. शेवटी ‘प्रश्न’ असा एक रकाना ठेवावा. माझ्या टायबेरियसच्या पानावर त्या रकान्यात ‘लिव्हिया की शांती?’ असे लिहिलेले आहे आणि त्यापुढची जागा अजून कोरी आहे.